मुख्याध्यापकपदाची पूर्वतयारी

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव हा दहाव्या वर्षात असलेला मुलगा १७ मार्च १८८४ रोजी कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू महाराज झाला, आणि राज्यकारभाराची सूत्रे प्रत्यक्ष त्याच्या हाती आली ती २ एप्रिल १८९४ रोजी. मधली दहा वर्षे पूर्वतयारीत गेली. प्रथम राजकोटचे राजकुमार महाविद्यालय, नंतर धारवाडला स्टुअर्ट फ्रेझर या सनदी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली इतिहास, इंग्रजी, कायदा आणि राज्यव्यवहार यांचे अध्ययन, आणि त्याच्या जोडीला देशाच्या निरनिराळ्या प्रांतांचे दौरे असा तो क्रम होता. या सगळ्या खटाटोपामागे इंग्रज सरकारचा हेतू निर्मळ होता असे म्हणण्याचे कारण नाही. आपल्याला अनुकूल असा संस्थानिक घडावा हीच त्यांची इच्छा असणार. परंतु ज्याच्या हाती कारभार जायचा आहे त्याला तो आधी शिकवला पाहिजे, हे तत्त्व त्यात निःसंशय होते. आणि त्या शिक्षणातून बाहेर पडलेल्या राजाने १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करून आपल्या शिक्षकांच्या अपेक्षेपलीकडची मजल मारली.

ज्या गावाने हा राजा दिला, त्याच कागलच्या परिसरात आज एखाद्या माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक महिनाअखेरीस नियत वयोमानानुसार निवृत्त होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शाळेतील ज्येष्ठ शिक्षक त्याच्या खुर्चीवर बसतो. किल्ल्यांचा जुडगा, जडसंग्रहाची वही, रोकडवही, शिक्के आणि संगणकाचे परवलीचे शब्द यांची देवघेव होते, कार्यभार स्वीकारल्याच्या कागदावर सह्या होतात, आणि आदल्या दिवसापर्यंत नववीच्या वर्गात बीजगणित शिकवणारा गृहस्थ पुढच्या क्षणापासून तीस-पस्तीस माणसांचा वरिष्ठ, लाखो रुपयांच्या वेतनदेयकाचा स्वाक्षरीकर्ता आणि शेकडो मुलांच्या सुरक्षिततेचा कायदेशीर जबाबदार ठरतो. या बदलासाठी त्याला किती दिवसांचे शिक्षण मिळालेले असते? नियम पाहू गेल्यास एकाही दिवसाचे नाही.

नियम काय सांगतो ते नीट पाहिले पाहिजे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा अधिनियम १९७७ चा आणि त्याखालील नियमावली १९८१ ची. त्या नियमावलीप्रमाणे माध्यमिक शाळेचा प्रमुख पदवीधर व बी.एड. असावा, त्याच्यापाशी पूर्णवेळ अध्यापनाचा निदान पाच वर्षांचा अनुभव असावा आणि त्यातील दोन वर्षे तरी बी.एड.नंतरची असावीत, आणि या अटी पुऱ्या करणाऱ्या, समाधानकारक सेवा असणाऱ्या शिक्षकांपैकी जो सेवाज्येष्ठता यादीत सर्वांत वर, त्यालाच व्यवस्थापनाने ते पद द्यावे. ज्येष्ठतेचा हा दंडक उगाच आलेला नाही. संस्थाचालकाचा भाचा वा जावई अनुभवी शिक्षकांना डावलून खुर्चीवर बसण्याचे प्रकार महाराष्ट्राने पुष्कळ पाहिले, आणि त्यांपासून शिक्षकांना संरक्षण देण्यासाठी कायद्याने ही भिंत उभी केली. ती पाडावी असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच की, ही नियमावली अध्यापनाचे शिक्षण मागते, अध्यापनाचा अनुभव मागते, आणि ज्या कामासाठी नेमणूक करायची त्या कामाच्या शिक्षणाविषयी मात्र अवाक्षर काढत नाही. उत्तम शिक्षक हा आपोआप उत्तम प्रशासक होतो, हे तिने गृहीत धरलेले आहे. आणि हे गृहीत चुकीचे आहे याची साक्ष कोणत्याही शिक्षणाधिकारी कार्यालयातील प्रलंबित प्रकरणांचे गठ्ठे देतील.

कारण मुख्याध्यापकाचे काम हे अध्यापनाचा पुढचा टप्पा नसून एक स्वतंत्र विद्या आहे. शालार्थ प्रणालीतून दरमहा वेतनदेयक पाठवायचे, यू-डायस या शाळांच्या राष्ट्रीय नोंदणीत माहिती भरायची, संचमान्यतेत पटसंख्येच्या फरकाने एखादे पद अतिरिक्त ठरले तर त्या शिक्षकाची समजूत काढायची, बिंदुनामावली तपासून घ्यायची, पोषण आहाराच्या तांदळाचा साठा आणि नोंद यांचा मेळ घालायचा, सेवापुस्तिका अद्ययावत ठेवायच्या, लेखापरीक्षकाच्या आक्षेपांना उत्तरे द्यायची, एवढे सगळे तो महिन्याभरात करतो. परंतु हा केवळ दफ्तराचा भाग झाला. एखाद्या कर्मचाऱ्याविरुद्ध तक्रार आली तर चौकशी समिती कशी नेमायची, आरोपपत्र कसे द्यायचे, त्याला बाजू मांडण्याची संधी कोणत्या क्रमाने द्यायची, हे ज्याला ठाऊक नसते त्याने केलेली न्याय्य कारवाईसुद्धा शाळा न्यायाधिकरणापुढे विधिदोषाने कोसळते, आणि दोषी मनुष्य थकबाकीसह परत रुजू होतो. मुलांच्या लैंगिक छळाविषयीचा २०१२ चा कायदा तर याहून कडक आहे. अपराधाची वार्ता कळूनही पोलिसांत न देणे हाच त्यात अपराध आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाच्या बाबतीत ती दडवली तर त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. शाळेची अब्रू जाईल या भीतीने दोन दिवस थांबणारा मुख्याध्यापक बहुधा दुष्ट नसतो. प्रसंग ओढवण्यापूर्वी काय करायचे हे त्याला कोणी शिकवलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो; पण त्या दोन दिवसांची किंमत एखादे मूल भरते.

आपल्या तालुक्यापुरतेच एक उदाहरण घेऊ. कागल हा उसाचा तालुका. शाहू, बिदरी, हमीदवाडा असे साखर कारखाने त्यात आहेत, आणि गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या येथे उतरतात. त्यांच्याबरोबर त्यांची मुले येतात. ती गावातल्या विद्यामंदिराच्या दारात उभी राहतात तेव्हा पहिले सत्र संपत आलेले असते, दाखला जवळ नसतो, आणि मार्चनंतर ती पुन्हा निघून जाणार हेही उघड असते. कायदा या बाबतीत स्पष्ट आहे: २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दाखल्याच्या वा वयाच्या पुराव्याच्या अभावी प्रवेश नाकारण्याची सोय ठेवलेली नाही, आणि वयानुरूप वर्गात बसवून मुलाला विशेष शिक्षण देण्याची जबाबदारी टाकली आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात शिक्षण हमी पत्राची योजनाही आहे. तरीही ते मूल वर्गात बसते की उसाच्या फडात धाकट्या भावंडाला सांभाळते, हे मंत्रालयात ठरत नाही. मुख्याध्यापक मुकादमाला भेटतो की नाही, कारखान्याच्या शेती खात्याशी बोलतो की नाही, मूळ गावच्या शाळेशी दूरध्वनीवर संपर्क साधतो की नाही, आणि आधीच भरलेल्या वर्गाच्या शिक्षकाला या पाहुण्या मुलांचे काय करायचे ते समजावून देतो की नाही, यावर ते ठरते. कागलच्याच मातीतील आनंद यादव यांनी 'झोंबी'त शाळेसाठी बापाशी झगडणारा मुलगा मराठी वाचकांपुढे उभा केला, तेव्हा शिक्षणापासून मूल कसे तुटते हे आपल्याला कळले. ते तुटू न देणे हे ज्याचे रोजचे कर्तव्य, त्याला त्या कर्तव्याची रीत शिकवलेली असावी, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

प्राथमिक शाळांची अवस्था याहून बिकट आहे. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत दीडशेहून अधिक मुले असतील तरच स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. दोन शिक्षकी वाडीशाळेत त्यांपैकी एक जण दोन वर्ग शिकवता शिकवता कार्यभार सांभाळतो, आणि त्याला कारकून नसतो, शिपाई नसतो. त्याच्यावर देखरेख करणारा केंद्रप्रमुख हाही कालपर्यंत शिक्षकच असतो, आणि त्याचीही नेमणूक बढतीने वा परीक्षेने होते, पूर्वशिक्षणाने होत नाही. परीक्षा ही जे शिकवले त्याची घ्यावयाची असते. न शिकवलेल्या विद्येची परीक्षा घेऊन निवड करणे म्हणजे मार्गदर्शिका छापणाऱ्यांची भरभराट करणे होय.

सरकारने यासाठी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. दिल्लीला शैक्षणिक नियोजन व प्रशासन यांची राष्ट्रीय संस्था आहे आणि तिच्यात २०१२ पासून शालेय नेतृत्वाचे केंद्र चालते. छत्रपती संभाजीनगर येथे याच विषयाची राज्य संस्था आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांत नियोजन व व्यवस्थापन ही एक शाखाच कल्पिलेली आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका पुष्कळ शिक्षकांनी घेतलेली आहे. २०१९ मध्ये शाळाप्रमुख व शिक्षक यांच्या प्रशिक्षणाचा 'निष्ठा' नावाचा उपक्रम निघाला, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने शाळाप्रमुखांनीही वर्षाला निदान पन्नास तासांचे प्रशिक्षण घ्यावे असे म्हटले. परंतु यांपैकी बहुतेक शिक्षण खुर्चीवर बसल्यानंतरचे आहे, तुटक आहे, पडद्यासमोर बसून पुरे करण्याजोगे आहे. आणि पदविका घेणाऱ्याने ती वेतनवाढीसाठी वा यादीतील शोभेसाठी घेतली की खरोखर कारभार शिकण्यासाठी, याची विचारपूस करणारी व्यवस्था नाही. एम.एड.च्या अभ्यासक्रमात शैक्षणिक प्रशासन असते, पण तेथला विद्यार्थी प्रबंध लिहितो. रोकडवही लिहीत नाही.

खेदाची गोष्ट अशी की, या विषयाचा भारतातील सर्वांत मोठा जाणकार आपल्याच जिल्ह्याचा. जे. पी. नाईक यांचा जन्म १९०७ साली आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचा. १९४८ मध्ये शिक्षणशास्त्राच्या पदव्युत्तर अध्ययन-संशोधनासाठी त्यांनी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशन काढली, पुढे गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत लक्ष घातले, आणि १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाचा आराखडा लिहिला. जवळच्या शाळांनी एकत्र येऊन एकमेकांना सांभाळावे ही शाळासमूहाची कल्पना त्या आयोगाची. शैक्षणिक प्रशासकांसाठी राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र महाविद्यालय असावे ही शिफारसही त्याचीच, आणि ती दिल्लीत काही वर्षांत अमलातही आली. मुरगूडवरून गारगोटीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एखाद्या शाळेपर्यंत मात्र ती अर्ध्या शतकात पोचली नाही. शासनाने शिखर बांधले आणि पायऱ्या बांधायच्या राहून गेल्या.

अन्यत्र काय चालते हेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत शाळेचा प्राचार्य होण्यासाठी पदव्युत्तर अध्ययन आणि राज्याचा परवाना लागतो. सिंगापूरने भावी प्राचार्यांना सहा महिने शाळेच्या कामातून पूर्ण मोकळे करून राष्ट्रीय शिक्षण संस्थेत बसवण्याची प्रथा २००१ पासून पाडली. इंग्लंडने १९९७ मध्ये मुख्याध्यापकांसाठी राष्ट्रीय अर्हता सुरू केली, ती पुढे सक्तीची केली, आणि २०१२ मध्ये सक्ती उठवली. या तिसऱ्या उदाहरणाचे मर्म विसरता कामा नये. प्रमाणपत्राची सक्ती करणे सोपे असते, शिक्षणाचा कस टिकवणे अवघड. आणि ज्या महाराष्ट्राने एके काळी गल्लोगल्ली बी.एड. महाविद्यालये उघडलेली पाहिली, त्याला हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. मुख्याध्यापकपदासाठी आणखी एका पदवीची अट घालून स्वस्थ बसलो, तर दोन वर्षांत तिचीही दुकाने थाटली जातील.

म्हणून माझी सूचना पदवीच्या नावाविषयी नसून तिच्या घडणीविषयी आहे. शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो. सेवाज्येष्ठता यादी दरवर्षी तयार होते. तेव्हा कोणत्या शाळेतील खुर्ची कोणत्या महिन्यात रिकामी होणार आणि तिच्यावर बहुधा कोण बसणार, हे अनेक वर्षे आधी कागदावर दिसत असते. इतकी निश्चित भविष्यवाणी शासनाच्या दुसऱ्या कोणत्याही खात्याला क्वचितच उपलब्ध असेल, आणि तिचा उपयोग आपण काडीइतकाही करत नाही. ज्यांचा क्रम पुढील पाच वर्षांत लागायचा आहे अशा शिक्षकांना शिवाजी विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाने आणि कोल्हापूरच्या जिल्हा शिक्षण संस्थेने मिळून एका वर्षाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम द्यावा. त्यातले निम्मे वर्ष विद्यापीठात आणि निम्मे वर्ष दुसऱ्या संस्थेच्या, शक्यतो दुसऱ्या तालुक्याच्या शाळेत, अनुभवी मुख्याध्यापकाच्या हाताखाली उमेदवारीत जावे; स्वतःच्या शाळेत उमेदवारी नको, कारण तेथील सवयींनाच मनुष्य नियम समजू लागतो. शिकवणारे केवळ प्राध्यापक नसावेत. वेतन पथकातील निवृत्त लेखाधिकाऱ्याने जमाखर्च शिकवावा, न्यायाधिकरणापुढे काम केलेल्या वकिलाने चौकशीचा विधी शिकवावा, आणि ज्यांच्या शाळा गावाने नावाजल्या अशा निवृत्त मुख्याध्यापकांनी माणसे सांभाळण्याचे शास्त्र सांगावे. परीक्षा उत्तरपत्रिकेवर न होता कामावर व्हावी: एका शाळेचे लेखापरीक्षण, एक सुटसुटीत वेळापत्रक, दहा वर्गांचे निरीक्षण व त्यावर शिक्षकाशी झालेल्या चर्चेची नोंद, हंगामी मुलांसाठी प्रत्यक्ष राबवलेली एक योजना. त्या काळात त्याचे वेतन चालू राहावे आणि त्याच्या वर्गासाठी बदली शिक्षक मिळावा. ज्येष्ठतेचा हक्क जसाच्या तसा राहील. केवळ ज्येष्ठ मनुष्य खुर्चीवर बसण्यापूर्वी शिकून येईल. अभ्यासक्रम ज्याने पुरा केला नसेल त्याची नेमणूक तात्पुरती मानून, दोन वर्षांत तो पुरा करण्याची मुदत द्यावी.

यावर आक्षेप येतील. पैसा कोठून आणायचा, हा पहिला. एका जिल्ह्यात वर्षाकाठी ज्या काही खुर्च्या रिकाम्या होतात, तेवढ्याच बदली शिक्षकांचा हा प्रश्न आहे. विधिदोषाने हरलेल्या एकेका खटल्यातील थकबाकीची रक्कम त्याच्या शेजारी मांडून पाहावी. मुख्याध्यापक जन्माला यावा लागतो, तो घडवता येत नाही, हा दुसरा आक्षेप. प्रतिभा जन्मजात असेल. रोकडवही जन्मजात नसते, आणि नैसर्गिक न्यायाची तत्त्वे कोणी पाळण्यातून शिकून येत नाही. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: अशा शिक्षणाने मुख्याध्यापकाचे रूपांतर कारकुनात होईल, आणि वर्गाशी असलेला त्याचा संबंध तुटेल. वस्तुस्थिती उलट आहे. आज तो कारकून झालेला आहे तो दफ्तर येत नाही म्हणून. ज्याला दफ्तर येते तो ते दोन तासांत उरकून वर्गाकडे वळतो, आणि ज्याला येत नाही त्याचा सारा दिवस तगाद्यांची उत्तरे देण्यात जातो.

रयत शिक्षण संस्थेसारख्या मोठ्या संस्थांमध्ये माणूस बढती-बदलीच्या ओघात चार शाखांचे पाणी चाखून खुर्चीवर पोचतो, त्यामुळे त्याचे शिक्षण अनायासे तरी होते. कागलसारख्या तालुक्यातील एक-दोन शाळा चालवणाऱ्या लहान संस्थांना ती सोय नाही, आणि या योजनेची खरी गरज त्यांनाच आहे.

गावचा कारभार पाहणारा पाटील सुशिक्षित असावा म्हणून शाहू महाराजांनी कोल्हापुरात पाटील स्कूल काढले. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने खालसा करून पगारी तलाठी नेमले, तेव्हा त्या कामाचे शिक्षण पिढीजात नसलेल्या समाजांतील तरुणांनाही मिळेल अशी व्यवस्था त्यांनी केली. हुद्दा देण्यापूर्वी त्या हुद्द्याचे शिक्षण द्यावे, आणि ते शिक्षण जन्मावर वा वशिल्यावर अवलंबून ठेवू नये, हे दोन्ही विचार त्या एका धोरणात होते. शंभर वर्षांपूर्वी एका संस्थानाला पाटील-तलाठ्यांसाठी जे परवडले, ते आज एका विद्यापीठाला आणि एका जिल्हा परिषदेला मुख्याध्यापकांसाठी परवडत नाही असे कोणी म्हटले, तर ते कारण म्हणून मान्य करता येणार नाही. पुढील पाच वर्षांत आपल्या जिल्ह्यात कोणत्या शाळांत मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार, याची यादी शिक्षणाधिकाऱ्यांनी या वर्षीच प्रसिद्ध करावी, आणि शिवाजी विद्यापीठाने तीत नाव असलेल्या शिक्षकांची पहिली तुकडी पुढील जूनमध्ये दाखल करून घ्यावी.